हिरवी गल्ली

पाडव्याला गुढ्या उभ्या राहायच्या आत लोकांनी फोन उघडून बसायचं, ही पद्धत पिंपळझरीत आता रुळली होती. त्या सकाळी उष्मा केंद्राकडून उन्हाळ्याचा पहिला अंदाज यायचा. चैत्र-वैशाखात वर्धेच्या काठची सगळी सपाटी कशी तापेल, कोणत्या गावात किती, कोणत्या गल्लीत किती, हे नकाशावर रंगांत दिसायचं. त्या वर्षीचा नकाशा पाहून पुष्कळांनी गुढीला हात जोडायच्या आधी कपाळाला हात लावला. नदीच्या अलीकडे लाल, पलीकडे लाल, मध्ये कुठेतरी नारंगीचे ठिपके. आणि त्या सगळ्या रखरखाटात पिंपळझरीच्या कोष्टीपुऱ्यात एक बारीकशी हिरवी रेघ. ती सोनकुसऱ्यांची गल्ली.

समोरच्या बेबीबाई पराते फोन हातात धरूनच निर्मलाबाई सोनकुसऱ्यांच्या अंगणात आल्या. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. गल्ली हिरवी म्हणजे ऊन कमी, हे खरं. पण हिरव्या गल्लीची वीज दुपारी आणि दिवेलागणीनंतर काढून लाल गल्ल्यांना द्यायची, हाही नियम होता. लाल भागातल्या शाळांमध्ये त्या विजेवर गारवाघरं चालायची. माणसं दिवसभर तिथं सतरंज्या टाकून पडून राहायची.

"निर्मले, तुझी तुळस पावली बाप्पा," बेबीबाई म्हणाल्या. "पण पंखा घेऊन गेली आमचा."

निर्मलाबाई नुसत्या हसल्या. त्या मोठ्यानं बोलत नसत, मोठ्यानं हसतही नसत. पहाटे अंघोळ करून तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्यांच्या पोटात पाण्याचा घोट जात नसे. गुरुवारी मौन. संध्याकाळी दिवा लावताना विष्णुसहस्रनाम. आणि चैत्र पाडव्यापासून वैशाख संपेपर्यंत तुळशीवर गळती. लाकडी तिकाटण्याला टांगलेलं तांब्याचं भांडं, बुडाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी, आणि तिच्यावरून तुळशीच्या मुळाशी अखंड ठिबकणारं पाणी. देवाला उन्हाळा लागू नये, एवढाच त्यातला भाव. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांची कूस उजवली नव्हती. मग या गळतीचा नवस बोलला आणि वेदिका झाली. तेव्हापासून त्यात एकदाही खंड नव्हता. यजमान गेले त्या वैशाखातसुद्धा सुतक संपेपर्यंत बेबीबाईंनी भांडं भरलं होतं.

त्या सकाळी भांडं भरताना गल्ली हिरवी दिसण्याचं कारण त्यांच्या मनाला आपोआप कळलं. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. कृपेबद्दल बोललं की ती उतरते, असं त्यांना वाटे.

*

दुपारी नागपूरहून विहीणबाईंचा फोन आला. सुनंदाबाई बारापात्रे. लग्न झाल्यापासून वेदिका दिवाळीलाही माहेरी धड राहिली नव्हती. सुनेला दिवस गेल्यावर सुनंदाबाईंनी बाळंतपण नागपुरातच होईल, मोठ्या दवाखान्यात, असं परस्पर सांगून टाकलं होतं. आज त्यांचा आवाज वेगळाच होता. त्यांची इमारत नारंगीत आली होती. डॉक्टरांनी सातव्या महिन्यानंतर उष्णता फार जपायला सांगितली होती. त्यांनी चुलत्यांचं, मामांचं, सगळ्यांचं गाव नकाशावर तपासलं होतं आणि अख्ख्या नात्यागोत्यात हिरवं असं एकच दार निघालं होतं.

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं जी," त्या म्हणाल्या. "आपली रीतच आहे ना ती."

निर्मलाबाईंना ती रीत माहीत होती. गेल्या महिन्यात ती मागताना आपलाच आवाज कसा खाली गेला होता, तेही त्यांना आठवत होतं. पण त्यांनी टोमणा मारला नाही. पाठवा, एवढंच म्हणाल्या, आणि फोन ठेवून तुळशीपुढे बराच वेळ बसून राहिल्या.

वेदिका आली ती पोटावर हात धरून, घामानं निथळत. आल्या आल्या तिनं अंगणाची भिंत हातानं चाचपली आणि आईकडे पाहून डोळे मिचकावले. हिरवं नेमकं काय आहे ग इथं, तिनं विचारलं, भिंत तर तव्यासारखी आहे. निर्मलाबाईंनी तिला पन्हं दिलं, पाय चेपले, केसांना तेल लावलं. आठ दिवस त्या घरात इतकं बोलणं झालं की बेबीबाई म्हणाल्या, निर्मलेला वाचा फुटली, आता गुरुवारचं काय करते पाहू. त्या गुरुवारी वेदिकेनं आईला हसवून मौन मोडायला लावायचा खूप प्रयत्न केला. निर्मलाबाई तोंडाला पदर लावून गदगदत राहिल्या, पण बोलल्या नाहीत.

*

विदर्भाचं जुनं ऊन कोरडं होतं. अंगावर आलेला घाम क्षणात वाळायचा आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जायचा. कूलरच्या ताट्या भिजवल्या की दुपार निभायची. पण अलीकडे समुद्रावरची वाफ चैत्रातच आत शिरू लागली होती. हवाच पाण्यानं भरलेली असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीराला आपली उष्णता टाकायला जागा राहत नाही. अशा हवेत कूलर आणखी वाफ सोडतो. पारा पूर्वीपेक्षा खाली असतो आणि माणसं मात्र जास्त मरतात.

वाफ सगळ्या गावावर सारखीच पसरते. गल्लीगल्लीत फरक पडतो तो दगडा-सिमेंटामुळे. भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर ती उष्णता परत सोडतात. ज्या गल्लीच्या भिंती लवकर निवतात तिथलं माणूस झोपेत सावरतं. ज्या निवत नाहीत तिथलं माणूस पहाटेपर्यंत शिजत राहतं. उपग्रहाला वरून नुसती छपरं दिसतात. म्हणून केंद्राला प्रत्येक गल्लीत एक बांधीव वस्तू हवी होती, उघड्यावर असलेली, कुणी हलवणार नाही की तोडणार नाही अशी. कुणाला तरी तुळशीवृंदावन सुचलं. कोष्टीपुऱ्यातलं सगळ्यात जुनं वृंदावन सोनकुसऱ्यांचं. त्याच्या पाठीला साबणाच्या वडीएवढी एक डबी चिकटवली गेली. दगड किती तापतो आणि किती वेळात निवतो, हे ती केंद्राला कळवत राहायची, आणि केंद्रातलं यंत्र त्यावरून ती गल्ली शिकत जायचं.

डबी बसवली ती दोन वर्षांपूर्वी, पौषात. आलेल्या माणसानं विचारलं होतं, रोज पाणी किती घालता? सकाळी एक तांब्या, निर्मलाबाईंनी सांगितलं होतं, आणि पौषात ते अगदी खरं होतं. चैत्राचं त्यानं विचारलं नाही. त्यांनाही सांगावंसं वाटलं नाही. गळती ही काही सांगायची गोष्ट नव्हती. चैत्रात ती असतेच.

यंत्रानं दोन उन्हाळे पाहिले. दोन्ही वेळा चैत्र लागताच या गल्लीतला दगड गार पडला आणि वैशाख संपेपर्यंत गारच राहिला. यंत्राला आणखी काय पुरावा हवा होता?

*

पहिली लाट आली ती चैत्राच्या शेवटी. बेबीबाईंचे सासरे त्यात गेले. सकाळी उठवायला गेले तर अंग कढत आणि डोळे उघडे. दाखल्यावर वार्धक्य लिहिलं, कारण हिरव्या गल्लीत उष्माघात असा रकानाच उघडत नव्हता. बेबीबाईंनी आरोग्य केंद्रात जाऊन भांडण काढलं. तिथल्या मुलीनं त्यांना नकाशा दाखवला. बेबीबाई म्हणाल्या, नकाशाला घेऊन ये माझ्या घरी झोपायला, मग बोल. त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उष्मा केंद्रातून सायली ढोके आल्या. त्या कौतुकानं आल्या होत्या. एवढ्या तापलेल्या सपाटीत एक गल्ली गार कशी राहते, याचा अभ्यास करून बाकीच्या गावांना तिचा नमुना द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी भिंती मोजल्या, झाडं मोजली, छपरं पाहिली आणि गोंधळून गेल्या. मग त्या वृंदावनाशी आल्या. डबी पाहायला त्यांनी दगडावर हात ठेवला. हात ओला झाला. त्यांनी वर पाहिलं. थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता.

"हे कधीपासून असतं?" त्यांनी विचारलं.

निर्मलाबाईंनी सांगितलं. ढोके मॅडम वृंदावनाच्या ओट्यावरच बसल्या. वेदिका आत झोपली होती. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. डबी ह्या एका भिजलेल्या दगडाचं सांगते आणि यंत्र ते अख्ख्या गल्लीचं समजतं. गल्ली मुळात लाल आहे. बेबीबाईंच्या सासऱ्यांचं त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

मग भांडं आत्ता काढते, निर्मलाबाई म्हणाल्या. व्रत मोडायला त्यांना एक श्वासही लागला नाही, याचं पुढे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पण ढोके मॅडमनी त्यांचा हात धरला. मागच्या वर्षी काही गावांत लोकांनी वीज मिळावी म्हणून डबीजवळ शेगड्या पेटवल्या होत्या. तेव्हापासून दगड एकाएकी तापला की यंत्र ती लबाडी धरायचं आणि त्या गल्लीचा रंग हंगामभर गोठवून टाकायचं. गार पडणाऱ्या दगडावर मात्र ते कधी संशय घेत नसे, कारण स्वतःची वीज घालवायला कोण लबाडी करणार? रंग हातानं बदलायचा अधिकार कुणालाच नव्हता. त्या वरपर्यंत लिहिणार होत्या, पण उत्तर पावसाळ्यापर्यंत येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

"रोज थोडं थोडं कमी करा," त्या म्हणाल्या. "यंत्राला वाटलं पाहिजे की उन्हाळाच चढतोय. पिवळ्यापर्यंत आलात की वीज जाणार नाही. आणि मुलीला आज सांगा, उद्या सासरी पाठवा. तिथं निदान गारवाघर आहे."

निर्मलाबाईंनी मान डोलावली.

*

त्यांनी आधी सुनंदाबाईंना फोन केला. जे ऐकलं ते जसंच्या तसं, त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं. मग सुनंदाबाईंनी विचारलं की सरकारचा अंदाज चूक आणि तुम्ही बरोबर, असं म्हणायचं आहे का. निर्मलाबाई म्हणाल्या, चूक गळतीची आहे. सुनंदाबाईंना ते पटलं नाही. माहेरपण अंगावर यायला लागलं की बायका अशीच कारणं काढतात, एवढं जग त्यांनी पाहिलेलं होतं.

"हिरव्यातून नारंगीत कोण आणते पोटुशीला?" त्या म्हणाल्या. "उद्या काही झालं तर लोक मला विचारतील. तुम्हाला नाही विचारणार."

आणि वरून एक गोष्ट त्यांनी बजावली. हे असलं काही वेदिकेच्या कानावर घालू नका. पोटात जीव असताना बाईच्या मनात भीती भरायची नसते.

त्या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं. निर्मलाबाईंना त्यांच्या आईनं हेच शिकवलं होतं. सोनकुसऱ्यांच्या घरातही गर्भारणीसमोर कुणाच्या मरणाची बातमी सांगत नसत, रिकामी घागरसुद्धा तिच्या समोरून नेत नसत. बेबीबाईंचे सासरे गेले तेव्हाही वेदिकेला, ते मुलीकडे गावाला गेले, असं सांगितलं होतं. ढोके मॅडम शिकलेल्या होत्या, त्यांच्या सांगण्यात खोट नव्हती. पण सांगून होणार काय होतं? विहीण नेत नव्हती. पोरीनं मग नुसतं भ्यायचं, आणि ती भीती नाळेतून आत जायची. त्यापेक्षा आपण एकटीनं पिवळ्यापर्यंत पोचावं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून दर्भाच्या काडीशेजारी भोकात कापसाचा एक धागा सारू लागल्या. एका दिवसाला एकच. थेंब हळूहळू विरळ होत गेला. व्रत मोडायचं नव्हतं, पातळ करायचं होतं, आणि त्यांना ते मोडण्यापेक्षा कठीण गेलं. तुझ्याच पाण्यानं दिलेली आहे, त्या तुळशीला म्हणायच्या, तिच्यासाठीच काढून घेते, राग धरू नको. तुळशीची पानं वळू लागली. वरच्या मंजिऱ्या वाळल्या. रोज दिवेलागणीला रंग नवा होई. ढोके मॅडम फोनवर सांगायच्या, आज एवढं सरकलं, यंत्राला संशय नाही, असंच चालू द्या.

गल्लीला हे बेबीबाईंकडून कळलंच. दोघी-तिघी येऊन कुजबुजून गेल्या, की घरातल्या पोरीला सांगत नाही तर निदान चार धागे एकदम घाल. निर्मलाबाई त्यांना हात जोडायच्या. बेबीबाई मात्र सगळ्यांना हाकलून लावायच्या. माझा म्हातारा सासरा कुरकूर न करता गेला, त्या म्हणायच्या, तुम्हाला आठ दिवस धरवत नाही? त्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी असायचं, आणि त्या ते घामाबरोबर पुसून टाकायच्या.

घरात वेदिका सुजत चालली होती. पायांत चप्पल शिरत नव्हती. दुपारी वीज गेली की ती आतल्या खोलीत ओलं लुगडं अंगावर घेऊन पडायची आणि ते लुगडं तासाभरात कोमट व्हायचं. तरी ती कुरकुरली नाही. आई इतक्या वर्षांनी सेवा करते आहे, तिला वाईट वाटायला नको, असं तिच्या मनात. एकदा तिनं नुसतं विचारलं, की आई, नकाशात असं काही चुकत असेल का ग? निर्मलाबाई म्हणाल्या, उन्हाळाच जास्त आहे यंदा. मुलीशी त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या, आणि तुळशीकडे पाठ करून बोलल्या होत्या.

*

दुसरी लाट वैशाखाच्या मध्यावर आली. आकाश दुधासारखं पांढरं झालं, पानही हलेना. ढोके मॅडमनी सकाळीच फोन केला. आज संध्याकाळी तुमची गल्ली पिवळी होते आहे, त्या म्हणाल्या, मी आकडे स्वतः पाहिलेत. आजची दुपार तेवढी काढा.

दुपार काढायला बर्फ हवा होता. बर्फाचा कारखाना स्टँडच्या पलीकडे, आणि तिथं रांग. निर्मलाबाईंनी वेदिकेला पाणी देऊन निजवलं, दार लोटलं, डोक्यावरून ओला पदर घेतला आणि निघाल्या. त्यांना यायला उशीर झाला. भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी पोत्यातून गळत होती आणि त्या जवळजवळ पळत होत्या.

अंगण ओलं होतं. फरशीवर पाणी साचलेलं, त्यात आकाश दिसत होतं. वृंदावन वरपासून खालपर्यंत निथळत होतं, आणि वेदिका त्याला पाठ टेकून, पाय पसरून बसली होती. केस ओले. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग होता. तिच्याजवळ रिकामी बादली आडवी पडली होती. वर भांडं काठोकाठ भरलेलं, आणि त्यातून थेंब नव्हे, धार लागली होती.

"आई, तुझी गळती बंद पडत आली होती ग," वेदिका म्हणाली. "भोकात कापूस का काय अडकला होता. तुळस सुकून चालली आणि तुला कळलं नाही. मी काढला सगळा. आणि हा दगड इतका गार आहे माहितीये? मी बादल्या ओतून ओतून इथंच बसले. बाळ पण शांत झालं."

निर्मलाबाईंच्या हातातलं पोतं खाली आलं. त्यांनी ते भिंतीशी नीट टेकवून ठेवलं.

"छान केलंस," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिला आत नेलं, बर्फ फडक्यात बांधून मानेला लावला. मग बाहेर येऊन भांडं उतरवलं आणि आपल्या पदरानं वृंदावन कोरडं करायला लागल्या. दगड जुना होता. पाणी आतपर्यंत मुरलं होतं. बेबीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी ते ओलं अंगण पाहिलं आणि काही न विचारता घरातली जुनी लुगडी आणून दुसऱ्या बाजूनं पुसायला बसल्या.

दिवेलागणीला गल्ली गर्द हिरवी झाली. वीज गेली.

त्या दोघींनी वेदिकेला ऑटोत घालून शाळेतल्या गारवाघरी नेलं. दारातला स्वयंसेवक चांगल्या घरचा मुलगा होता, त्यानं बसायला खुर्ची दिली. गर्भारणींसाठी आत वेगळी खोली होती, पण ती लाल आणि नारंगी गल्ल्यांतल्या बायकांची. दार पत्त्याच्या नोंदीवर उघडायचं. वेदिकेची नोंद बाळंतपणासाठी माहेरच्या गल्लीत झाली होती, आणि तिच्यावर ते उघडेना. निर्मलाबाईंनी सांगितलं. पुन्हा सांगितलं. त्यांना ओरडता येत नव्हतं. बेबीबाई ओरडल्या, तेव्हा तो मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "आजी, अख्ख्या तालुक्यात सगळ्यात गार तुमची गल्ली आहे. लोक तिकडे खोली भाड्यानं मागून राहिले. तुम्ही यांना घरी न्या, आराम पडेल."

वेदिकाच म्हणाली, चल आई, इथं उभं राहवत नाही. घरी तुझ्या तुळशीपाशी बसते.

सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा उजाडलं होतं. वेदिका वाचली. बाळाचे ठोके आदल्या रात्रीच कधीतरी थांबले होते. मुलगी होती.

*

सुनंदाबाई आल्या त्या सुनेला न्यायला. वेदिकेला अजून चालवत नव्हतं, म्हणून दोन दिवस थांबल्या. त्या आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि निर्मलाबाईंनी आणून दिलेला चहा न घेता तसाच ठेवायच्या. त्यांचंही नातवंड गेलं होतं. आपण फोनवर काय म्हणालो होतो ते त्यांना आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच त्यांना निर्मलाबाईंकडे पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दुपारी ढोके मॅडम आल्या. बातमी त्यांना कळली होती. त्या उभ्याच राहिल्या. कोष्टीपुऱ्याची डबी आता वरच्या हुकमानं बंद झाली आहे, त्यांनी सांगितलं. दवाखान्यातली बाळाची नोंद केंद्रात पोचल्यामुळे यंत्रानं गल्ली स्वतःहून लाल केली होती. वीज अखंड झाली होती. डोक्यावर पंखा फिरत होता. बेबीबाई उंबऱ्यात बसून तो पाहत होत्या.

ढोके मॅडमना एक गोष्ट समजत नव्हती, आणि ती समजल्याशिवाय त्यांना झोप लागत नव्हती. त्या संध्याकाळी गल्ली पिवळी व्हायचीच होती. सगळं जुळलं होतं. मग दुपारी दगड एकदम गार पडला. नुसत्या गळतीनं एवढा पडत नाही.

"कुणीतरी बादल्या ओतल्या," त्या म्हणाल्या. "कुणी ओतलं पाणी?"

बेबीबाईंनी मान वर केली आणि निर्मलाबाईंकडे पाहिलं. निर्मलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"मी," त्या म्हणाल्या. "तुळस सुकत होती. मला पाहवलं नाही. मी ओतलं."

सुनंदाबाई खुर्चीतून उठल्या. इतके दिवस जे त्यांच्या छातीवर होतं ते उतरवायला त्यांना जागा मिळाली. त्या बोलत राहिल्या. देवधर्माच्या नावानं नातवंडाचा घास घेतला, असं म्हणाल्या, त्याहून वाईटही म्हणाल्या. या बाईचं तोंड पुन्हा माझ्या सुनेला दिसायचं नाही, असं त्यांनी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. निर्मलाबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ शांती होती. एवढ्यावर निभावलं, असं त्यांना वाटत होतं.

आतल्या खोलीत बाज करकरली.

वेदिका दाराची चौकट धरून उभी राहिली. ती सासूकडे पाहत नव्हती. तिनं आईकडे पाहिलं, पुष्कळ वेळ, आणि निर्मलाबाईंनी नजर खाली नेली. मग ती ढोके मॅडमकडे वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "पाणी ओतल्यानं काय झालं?"

निर्मलाबाईंनी हात वर केला. ढोके मॅडमना यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलीला समजलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि पहिल्यापासून, सोपं करून, सांगायला सुरुवात केली.